रस सुटल्यावर

ज्यू धर्मशास्त्राला द्राक्षाबद्दल काही तक्रार नाही. वेल कोणी लावला, छाटणी कोणी केली, घड कोणत्या जातीधर्माच्या मजुराने तोडले, क्रेट कोणी भरली, टेम्पो कोणी हाकला, हे सगळं त्याला चालतं. घड अख्खा आहे तोवर ते फळ आहे आणि फळ कोणाच्याही हातातून घ्यावं. प्रश्न सुरू होतो तो घड फुटल्यावर. साल आणि बी मागे राहून रस वेगळा वाहू लागला, की शास्त्राच्या लेखी त्याच क्षणी त्याची वाईन झाली. अजून ती आंबलेली नसते, तिच्यात नशेचा थेंब नसतो, तरीही. आणि तिथून पुढे बाटलीला बूच बसून सील होईपर्यंत तिला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विसावा, पाळणाऱ्या ज्यू माणसाचाच हात लागला पाहिजे. कोशर म्हणजे धर्मनियमाला धरून असलेलं. भाजी, मासा, मांस यांचं कोशरपण बरंचसं त्या पदार्थातच पाहिलं जातं. माशाला खवले आणि पर आहेत की नाहीत, हे कोणालाही दिसतं. वाईनचं कोशरपण मात्र बाटलीत कितीही डोकावलं तरी दिसत नाही, कारण ते हातात आहे.

हे नीट समजून घ्यायचं तर पांढरी वाईन घ्यावी. लाल वाईनचा रस सालींसकट टाकीत आठवडा-दोन आठवडे पडून राहतो, कारण रंग सालीतून यायचा असतो. पांढरीत ती सवड नाही. घड प्रेसमध्ये पडतात, दाब बसतो आणि रस सालीला सोडून टाकीकडे धावतो. फळ आणि वाईन यांच्यामधली ती रेषा डोळ्यांदेखत काही मिनिटांत ओलांडली जाते. म्हणून प्रेसचं बटण कोणी दाबायचं, हेही ठरलेलं असतं.

कोशर वाईनच्या कारखान्यात यामुळे एक मजेदार दृश्य दिसतं. वाईन घडवणारा तज्ज्ञ पुष्कळदा परधर्मी असतो, किंवा ज्यू असूनही शब्बाथ न पाळणारा. द्राक्ष कधी तोडायचं, टाकी किती थंड ठेवायची, कोणत्या पिंपातली वाईन कोणत्या पिंपात मिसळायची, हे सगळं तोच ठरवतो. पण टाकीची तोटी त्याने उघडायची नाही. पाइपाला, पंपाला, पिंपाच्या बुचाला हात लावायचा नाही. नमुना चाखायचा असेल तर शब्बाथ पाळणारा कामगार पेल्यात काढून देणार, मग हा चाखणार, मान हलवणार आणि पुढची सूचना करणार. स्वतःच्या कलाकृतीभोवती हात मागे बांधून फिरणारा कारागीर दुसऱ्या कोणत्या धंद्यात पाहायला मिळत असेल, असं वाटत नाही. रात्री टाक्यांच्या तोंडांना सीलपट्ट्या लागतात. सकाळी पट्टी जागची हलली नाही ना, हे पाहून मगच काम सुरू होतं.

बाकीचे नियमही आहेत. वाईन निवळण्यासाठी जिलेटिनसारखे प्राणिज पदार्थ वापरायचे नाहीत, त्याऐवजी बेंटोनाइट ही माती घालतात. आपल्याकडे ती कच्छात निघते. वेलाची पहिल्या तीन वर्षांची फळं घ्यायची नाहीत. इस्राएलच्या भूमीत आणखी काही बंधनं येतात: दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा, आणि जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहितांना द्यायच्या जुन्या वाट्याची आठवण म्हणून एक टक्क्याहून थोडी जास्त वाईन ओतून देणं. पण हे सगळं सांभाळलं आणि भलत्याच माणसाने तोटी उघडली, तर सगळं वाया.

मराठी वाचकाला इथे सोवळं आठवल्याशिवाय राहणार नाही. आमच्या वरवट बकालकडे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, जुन्या घरांत नैवेद्याचा स्वयंपाक होईस्तोवर चुलीपाशी कोणी फिरकायचं नाही आणि लोणच्याच्या बरणीला वाटेल त्या हाताने शिवायचं नाही, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना कोशर वाईनचा नियम अर्धा आपोआप कळतो. पण अर्धाच. सोवळं आंघोळीने येतं आणि शिवलं की जातं. सकाळी ओवळा असलेला माणूस दुपारी सोवळ्यात बसू शकतो. वाईनच्या नियमातला हात आंघोळीने तयार होत नाही. तो माणूस कोण आहे आणि शनिवारी काय करतो, यावर तो ठरतो. शिवाय सोवळ्यात देवाच्या पानाला विटाळ होऊ नये ही काळजी असते. इथे काळजी वेगळीच आहे, आणि ती शास्त्रकारांनी लपवलेली नाही.

तिचे दोन थर आहेत. जुना थर मूर्तिपूजेचा. ग्रीक-रोमन जगात वाईन देवांना वाहिली जाई, पेल्यातले चार थेंब जमिनीवर सांडले की झाला नैवेद्य. अशा नैवेद्यातली वाईन ज्यू माणसाने पिणं शक्यच नव्हतं. पण रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, त्यावर दुसरा थर चढवला: नैवेद्य दाखवलेला नसला तरी परक्याने हाताळलेली साधी वाईनही नको. कारण त्यांनी सरळ सांगितलं आहे. एकत्र बसून पिणं आलं की मैत्री येते, मैत्रीमागून एकमेकांच्या घरी जाणं येतं आणि त्यामागून सोयरीक. पाण्याने किंवा ताकाने हे होत नाही, वाईनने होतं. म्हणजे बंदीचा रोख पेयातल्या दोषावर नाही, त्या पेयामुळे जमणाऱ्या बैठकीवर आहे. राज्य नाही, सैन्य नाही आणि माणसं देशोदेशी पांगलेली, अशा लोकांना आपली जात टिकवायची होती. त्यांनी कुंपण घातलं ते पेल्याला.

कुंपणापलीकडचे लोक काय समजायचे, हेही या पेल्याने पाहिलं आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या रात्री चार पेले प्यायचे असतात आणि त्यासाठी लाल वाईन चांगली मानतात. तेराव्या शतकातल्या नाहमनीदेस या मोठ्या पंडिताने तर पांढरी वाईन किद्दूशला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागताला, चालतच नाही असं मत दिलं होतं. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरूख’ या नियमग्रंथाने ते मत नोंदवून पांढरीला मोकळीक दिली. पण युरोपात अनेक ज्यू घरांनी पेसाहला पांढरी वाईन धरली ती शास्त्रार्थामुळे नव्हे. ज्यू लोक या सणाला ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात, अशी एक भयंकर आवई तिकडे शतकानुशतकं उठत होती आणि त्या आवईपायी माणसं मारली जात होती. टेबलावर लाल पेला दिसणं म्हणजे जिवाला धोका. सतराव्या शतकात पोलंडमधल्या दाविद हालेवी सेगल या रब्बीने लिहूनच ठेवलं, की अशा खोट्या आळांमुळे आपण लाल वाईन टाळतो. परक्याचा हात वाईनला लागू नये म्हणून यांनी नियम केला; त्या वाईनचा रंग मात्र परक्यांच्या भीतीने ठरवला.

नियमाला एक दार आहे, आणि ते आहे आचेचं. उकळलेल्या वाईनला ही बंदी लागू होत नाही, असं तालमूद हा जुना धर्मग्रंथच सांगतो. एक कारण असं देतात की उकळलेली वाईन वेदीवर चढवत नसत, तेव्हा तिच्यात मूर्तिपूजेचा संशय उरत नाही. अशा वाईनला मेवुशाल म्हणतात. एकदा ती मेवुशाल झाली की मग कोणीही बाटली उघडो, कोणीही ओतो. लग्नाच्या हॉलात वाढपी परधर्मी असतात, तिथे हीच चालते. पूर्वी ती खरोखर उकळत, आणि चव काढ्यासारखी होई. आता वाईन किंवा नुसता रस पातळ पत्र्यांमधून काही सेकंद साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच गार करतात. किती तापली म्हणजे उकळली म्हणायची, यावर रब्बींमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे.

लाल वाईन हा चटका बऱ्यापैकी सोसते, तिच्या अंगात सालीचा तुरटपणा असतो. पांढरीचं सगळं वैभव वासात. थंड टाकीत हळूहळू आंबवून जपलेला पेरूचा, लिंबाच्या सालीचा, गवताचा वास तेवढ्या चटक्यानेही मावळतो. म्हणून चांगले कारखाने पांढरीला तापवायचंच झालं तर आंबवण्याआधी, कोवळ्या रसातच तापवून घेतात. आणि ज्यांना वासात काडीचीही तडजोड नको ते तिला कच्चीच ठेवतात, मग ती बाटली घरात आलेल्या पाहुण्याने उघडायची नाही. यजमानापुढचा पेच असा: वाईन उत्तम हवी, की टेबलावर कोणीही बसलेलं चालायला हवं?

आता प्रदेश. इस्राएलमधल्या वाईनची आधुनिक गोष्ट १८८२ पासून, बॅरन एडमंड द रोथशिल्ड यांच्या पैशातून सुरू होते. रिशोन लेझियोन आणि झिखरोन याकोव या वसाहतींतली तळघरं त्यांची. बराच काळ तिथे किद्दूशपुरती गोड, लाल, सरबती वाईन निघत असे. पांढरीला दिवस आले ते १९८३ मध्ये गोलानच्या पठारावर कत्झरिनला वायनरी निघाल्यावर. हे पठार १९६७ च्या युद्धात इस्राएलने सीरियाकडून घेतलं आणि जगातल्या बहुतेक देशांच्या लेखी ते आजही व्याप्त प्रदेश आहे. तिथल्या बाटलीवर प्रदेशाचं नाव काय लिहायचं, यावर युरोपात कोर्टकज्जे झाले आहेत. जमीन मात्र आपल्याला ओळखीची वाटावी अशी: काळा बेसाल्ट, ज्वालामुखीचा. आमच्या जिल्ह्यातलं लोणार ज्या खडकात आहे त्याच जातीचा, जरी वयाने फार तरुण. समुद्रसपाटीपासून ४०० ते १२०० मीटर उंची, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्याच्या रात्री गार. अशा रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि पांढऱ्या वाईनला तोच लागतो.

पण माझ्या मुद्द्याला सगळ्यांत जवळची बाटली दुसरीच आहे. इस्राएलमधल्या रेकानाती वायनरीने २०१४ च्या हंगामातली ‘मरावी’ नावाची पांढरी वाईन काढली, पहिली खेप सुमारे अडीच हजार बाटल्यांची. द्राक्ष शारदोने नाही, सोव्हिन्यों नाही. बेथलेहेमकडच्या डोंगरांत पूर्वापार असलेलं, अरबी शेतकरी खाण्यासाठी लावत आले ते हमदानी ऊर्फ मरावी. हे द्राक्ष टिकलं ते मुसलमान शेतकऱ्यांच्या मळ्यांत. वाईन त्यांना वर्ज्य. ते घड बाजारात विकणार किंवा रस आटवून काकवीसारखा दिब्स करणार. बेथलेहेमजवळच्या क्रेमिझान मठातल्या ख्रिस्ती संन्याशांनी असल्या स्थानिक द्राक्षांची वाईन आधीच काढायला घेतली होती. एरिएल विद्यापीठातले एल्याशिव द्रोरी जुन्या वाणांचा माग काढत होते. आणि रेकानातीला द्राक्ष मिळालं ते पॅलेस्टिनी शेतकऱ्याच्या मळ्यातून. त्याचं नाव बाहेर सांगितलं गेलं नाही, कारण इस्राएली वायनरीला माल घालणं त्याच्या गावात अडचणीचं ठरलं असतं.

आता ही बाटली शास्त्राच्या डोळ्यांनी पाहा. वेल पॅलेस्टिनी माणसाचा, छाटणी त्याची, तोडणी त्याची. राजकारणाला यातल्या प्रत्येक गोष्टीची अडचण, धर्मशास्त्राला एकाचीही नाही. क्रेट वायनरीच्या दारात येईपर्यंत सगळं कोशर. आत प्रेस चालू झाला, की त्या शेतकऱ्याने तोटीला हात लावायचा नाही. तो लावणारही नाही म्हणा, त्याच्या धर्मालाही ते नकोच आहे. दोन धर्मांच्या दोन मनाया त्या दारात समोरासमोर येतात आणि व्यवहार बिनबोभाट पार पडतो.

ही सोय मोठी आहे हे व्यापाऱ्यांनी ओळखलं. कोशर वाईन करायला वायनरी ज्यू मालकाची लागत नाही. स्पेनमध्ये कातालोनियातल्या कापसानेस या लहान गावच्या सहकारी संस्थेकडे १९९५ मध्ये बार्सिलोनाचे ज्यू आले आणि कोशर वाईन करून द्या म्हणाले. गावात ज्यू कोणी नाही. वाईन लाल होती, पण तेवढं चालवून घ्या. टाक्या शास्त्राप्रमाणे पाण्याने भरून रिकाम्या केल्या, नवी यंत्रं आणली, हाताळणीला शब्बाथ पाळणारी माणसं आली, आणि त्या वाईनने बुडत चाललेल्या संस्थेचं नाव झालं. आमच्याकडच्या जिनिंग-प्रेसिंग सोसायट्यांची गत पाहिलेल्या माणसाला याचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

तत्त्वतः हेच नाशिकला होऊ शकतं. तिथे राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला सुरू केली ती मुख्यतः शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षांच्या जोरावर. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि मागोमाग वायनऱ्या वाढल्या. आपला द्राक्षाचा हंगाम युरोपच्या उलटा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. वाईनचं द्राक्ष पिकवणारे कितीतरी शेतकरी गळ्यात माळ घातलेले असतात आणि आपल्या द्राक्षाची वाईन त्यांनी ओठाला लावलेली नसते. बेथलेहेमकडच्या शेतकऱ्यासारखीच त्यांचीही हद्द क्रेटपाशी संपते.

पण महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांनी वायनरीची वाट पाहिली नाही. त्यांनी हा प्रश्न कधीच, आणि फार स्वस्तात, सोडवला होता.

बेने इस्राएल हे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचा हा वंश. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात गावोगाव ते पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. गावावरून आडनावं पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर. कितीतरी पिढ्या त्यांच्याकडे रब्बी नव्हता, तोरा हा धर्मग्रंथ नव्हता. दाविद राहाबी नावाच्या बाहेरच्या ज्यू माणसाने त्यांची पारख केली ती स्वयंपाकघरात, असं सांगतात. त्याने बायकांना मिसळीचे मासे रांधायला दिले; त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, ज्याला ते मशीदच म्हणत. मराठीत त्यांनी कीर्तनंसुद्धा केली. १८८० च्या सुमारास अब्राहाम, मोशे यांची आख्यानं टाळ-पेटीवर लागू लागली. मलिदा तर प्रसिद्धच आहे: गोड पोहे, खोबरं, फळं, सुका मेवा आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव.

शब्बाथचा किद्दूश म्हणायला द्राक्षवेलीचं पेय लागतं. कोकणात द्राक्ष होत नाही. त्या पावसात आणि दमट हवेत केवडा रोग वेल खाऊन टाकेल. युरोपातून येणारी वाईन परक्या हातची, आणि तेल गाळणाऱ्या माणसाच्या खिशाबाहेरची. ताडीमाडी गावात मुबलक, पण ती वेलीची नाही. मग बेने इस्राएल घरांनी मनुका घेतल्या. अफगाणिस्तान-इराणकडचा सुका मेवा या किनाऱ्यावर पूर्वापार येतो. मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. ते सरबत पेल्यात घेऊन किद्दूश म्हणायचा. हीच त्यांची वाईन.

ही गरिबाची पळवाट वाटेल. पण नियमाच्या बाजूने पाहिलं तर ही चोख रचना आहे. मनुका कोरडी. तिच्यातून रस वाहत नाही, म्हणून ती फळच राहते. काबूलच्या पठाणाने तिला हात लावला, गलबतावरच्या खलाशाने लावला, मुंबईच्या भाटियाने तोलली, अलिबागच्या वाण्याने पुडीत बांधली. एवढ्या हातांतून आली तरी शास्त्राला त्यांतला एकही हात दिसत नाही. रस सुटतो तो थेट बेने इस्राएल बाईच्या भांड्यात. जी रेषा गोलानमध्ये प्रेसच्या तोंडाशी आहे, ती अलिबागेत तिच्या ओट्यावर आली. सीलपट्टी नको, देखरेख करणारा रब्बी नको, उकळायचीही गरज नाही. ज्या हातांचा वाईनला पत्ताच नसावा असं शास्त्र म्हणतं, ते सगळे हात मनुकेच्या सुकलेल्या सालीबाहेर राहिले. शास्त्रही याला पाठीशी घालतं: मनुका अशी असावी की नुसती दाबली तरी थोडा ओलावा निघेल, मग तिचं पाणी वाईनच्या जागी चालतं. पार खडखडीत मनुकेचं पाणी म्हणजे नुसतंच पाणी. युरोपातल्या ज्यूंनीही अडचणीच्या दिवसांत मनुकेची वाईन केली आहे. कोकणात मात्र ती तात्पुरती सोय नव्हती, तोच रिवाज झाला.

मी ते सरबत घरी करून पाहिलं. आमच्या बाजारात काळ्या मनुका मिळतात आणि तासगावकडचा बेदाणाही. दुकानदाराला दोन्हींतला फरक विचारला तर तो दर सांगतो. बेदाणा घेतला, कारण पांढरी वाईन डोक्यात होती. तासगावचा बेदाणा हे स्वतःच एक शास्त्र आहे: थॉमसन सीडलेस किंवा त्याच जातीतून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेलं तास-ए-गणेश, घड तेलाच्या द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत दोनेक आठवडे सुकवायचे. पाणी हा आमच्याकडे कठीण विषय. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यात बेदाणा भिजवला तर किद्दूशऐवजी सलाइन तयार होईल. म्हणून जारचं पाणी घेतलं. रात्रभरात बेदाणा फुगला, सालीवरच्या सुरकुत्या गेल्या आणि तो पुन्हा थोडासा द्राक्ष झाला. हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यात घालून पिळला. पहिलं पाणी पातळ निघतं, फडका आवळला की मागून दाट, गढूळ, मधाच्या रंगाचा रस येतो आणि बोटं चिकट होतात. चव गोड, मागे किंचित आंबट, आणि नाकात वाळल्या गवताचा वास. शेजारचे काका दारातूनच विचारते झाले, “हे काय करून राह्यले भाऊ? शिरखुर्म्याले वेळ हाये अजून.” सांगितलं, ज्यू लोकांची वाईन. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, “हे तं सरबत हाये.”

बरोबरच होतं ते. तीच मनुका, तेच पाणी, तीच कृती. माझ्या ओट्यावर ते सरबत, आणि त्याच संध्याकाळी अलिबागच्या इस्राएल आळीत ती वाईन. चव घेऊन कोणालाही फरक सांगता आला नसता, प्रयोगशाळेलाही नाही.

इथवर हे निरूपण गोड आहे. पण स्पर्शाच्या नियमाबद्दल महाराष्ट्रात बसून लिहायचं आणि महाड टाळायचं, हे बरं नव्हे. ते याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागाहून तळं ‘शुद्ध’ करायला पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. एका जिल्ह्यातले हे दोन नियम एका मापाने मोजायचे का? मी मोजत नाही. वाईनच्या नियमाने परक्याचं काही हिरावलं जात नव्हतं. त्याची वाईन त्याला होतीच, आणि नियम करणारे बळाने इतके थोडे होते की स्वतःपलीकडे तो कोणावर लादणं त्यांना जमलंच नसतं. तळ्याच्या नियमाने माणसाचं पाणी तोडलं, आणि तोडणाऱ्यांच्या हातात गाव होता. आपल्याकडच्या नियमाने तुपात तळलेल्या अन्नाला सूट दिली, कारण ती देणाऱ्यांच्या सोयीची होती. पाण्याला सूट कधी सुचली नाही.

पण थोड्या लोकांचा नियम म्हणून तो निरुपद्रवी, असं म्हणून सुटताही येत नाही. कुंपण बाहेरच्यासाठी घातलं की हळूहळू आतली माणसंही मोजली जाऊ लागतात. खुद्द बेने इस्राएलमध्ये गोरे आणि काळे असे दोन भाग होते. काळे म्हणजे मिश्र संततीचे म्हणून गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, भांड्यांना हात लावू देत नसत. हे त्यांनी कोकणातून उचललं, शास्त्रातून नव्हे. पुढे १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली आणि तिथे रब्बीमंडळाने त्यांच्याच ज्यूपणाबद्दल शंका काढली: लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करा, म्हणे. हे मराठी लोक १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बीमंडळाला आपल्या सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

ते प्रकरण लग्नाचं होतं. २०१८ मध्ये तीच शंका थेट वाईनच्या टाकीपाशी आली. बार्कान या इस्राएलमधल्या मोठ्या वायनरीने एका कट्टर प्रमाणन संस्थेचा शिक्का मिळवण्यासाठी इथिओपियातून आलेल्या ज्यू कामगारांना वाईनशी संबंध येईल अशा कामांवरून हलवलं, कारण त्या संस्थेला त्यांच्या ज्यूपणाची खात्री नव्हती. माणसं ज्यू, शब्बाथ पाळणारी, वर्षानुवर्षं तेच काम करणारी. बातमी फुटली तेव्हा इस्राएलच्या दोन मुख्य रब्बींपैकी एक, यित्झाक योसेफ, यांनीच याला वंशद्वेष म्हटलं, गिऱ्हाइकांनी बहिष्काराची भाषा केली आणि त्या कामगारांना परत घेत असल्याचं कंपनीला जाहीर करावं लागलं. रब्बीमंडळाचा नेहमीचा कोशर शिक्का त्या वाईनवर आधीपासून होताच; तो त्याच कामगारांच्या हातांखाली तयार झालेल्या वाईनला मिळालेला होता.